क्यूजीआयएसचा टेम्पोरल कंट्रोलर: वर्षभराच्या वापरानंतर, मुख्यतः रिकाम्या तारखेविषयी

ज्या सशुल्क पॅकेजवर मी अनेक वर्षे नकाशे तयार करत होते, त्याच्या परवान्याचे नूतनीकरण गेल्या वर्षी एवढे महागले की, ठाण्यात घरी बसून महाविद्यालयांची, गृहनिर्माण संस्थांची आणि अधूनमधून स्थानिक इतिहासाच्या प्रदर्शनांची कामे करणाऱ्या माझ्यासारखीला तो खर्च पेलणे शक्य राहिले नाही. विक्रेत्याशी लांबलचक पत्रव्यवहार केला. काळानुसार बदलणारे नकाशे दाखवण्याची सोय आता वरच्या दर्जाच्या परवान्यातच मिळेल, असे उत्तर आल्यावर मी तो विषय सोडला आणि सर्व काम क्यूजीआयएस या मोफत नकाशा-प्रणालीवर आणले. हा अनुभव त्याच्या टेम्पोरल कंट्रोलरचा, म्हणजे तारखेनुसार नकाशा चौकटी-चौकटीने बदलत दाखवणाऱ्या सरकत्या पट्टीचा आहे. क्यूजीआयएस ज्यांनी उघडले आहे त्यांना मूलभूत माहिती देत बसत नाही. काळाचे थर, म्हणजे नकाशावर एकावर एक ठेवलेले तारखांसह माहितीचे संच, हाताळताना तो कोठे साथ देतो आणि कोठे फसवतो, एवढेच लिहिते.

ही सोय २०२० च्या जूनमध्ये ३.१४ या आवृत्तीबरोबर मूळ प्रणालीत आली. त्याआधी हेच काम अनिता ग्रेझर यांच्या टाइममॅनेजर या प्लगिनवर, म्हणजे वेगळ्या बसवाव्या लागणाऱ्या जोडणीवर, चालत असे. आता थराच्या गुणधर्मांत ‘टेम्पोरल’ हा भाग उघडायचा, तारखेचा रकाना दाखवायचा आणि पट्टी सरकवायची. पहिला प्रयोग मी नवी मुंबईच्या रेल्वे स्थानकांवर केला. प्रत्येक बिंदूला स्थानक सुरू झाल्याची तारीख दिली आणि ‘कालानुसार साठवत जा’ या अर्थाचा पर्याय निवडला. १९९२ मध्ये वाशी उमटले, २०१८ मध्ये खारकोपर, २०२४ च्या जानेवारीत दिघा गाव आणि उरणपर्यंतचा मार्ग. खाडीच्या पलीकडे वसत गेलेले शहर पडद्यावर उलगडताना पाहून मला मनापासून आनंद झाला, आणि तोही एक पैसा न मोजता. पहिल्या महिन्यात या सोयीला मी पूर्ण गुण दिले असते.

मग रिकाम्या तारखेची गाठ पडली. माझ्या तक्त्यात काही जागा अशा होत्या की त्या केव्हा अस्तित्वात आल्या याची कागदोपत्री तारीख मिळाली नव्हती, म्हणून तो रकाना मी मोकळा सोडला होता. ज्याची तारीख माहीत नाही ते नकाशावर दिसणार नाही, ही माझी स्वाभाविक अपेक्षा होती. क्यूजीआयएस नेमके उलट करतो. तारखेच्या रकान्यात काहीच नसेल तर तो घटक प्रत्येक चौकटीत काढला जातो, कारण थर गाळताना आतून जी अट लावली जाते तिच्यात ‘किंवा तारीख रिकामी असेल तर’ असा तुकडा जोडलेला असतो. परिणामी १९७० च्या चौकटीत, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना झाली त्या वर्षी, नवी मुंबईच्या एका नोडमध्ये (उपनगरात) आजचे समाजमंदिर आणि जलकुंभ ठळकपणे उभे दिसत होते. जुना काळ माहीत असलेल्या माणसाच्या ते लगेच लक्षात येईल. पण प्रदर्शनाला येणाऱ्या शाळकरी मुलांना तोच इतिहास वाटेल, आणि माझी चिंता नेमकी तीच आहे.

या एका गोष्टीवर मी इतका वेळ का घालवते, असे काहींना वाटेल. कारण रिकामा रकाना एकच असला तरी त्याचे अर्थ निदान तीन असतात: तारीख माहीत नाही, तारीख अजून यायची आहे, किंवा हे कायमचे आहे, त्याला तारीख लागूच नाही. डोंगर, खाडी आणि गावठाण यांच्या बाबतीत तिसरा अर्थ चालतो. इमारतीच्या बाबतीत बहुतेक वेळा पहिला असतो. प्रणालीला हे तीनही सारखेच. इशाराही नाही, ‘रिकाम्या तारखेचे घटक लपवा’ अशी साधी खूणही नाही. उपाय मी असा काढला आहे की तारीख नसलेले सर्व घटक थराच्या फिल्टरने बाजूला काढायचे आणि वेगळ्या थरात, पोकळ करड्या चिन्हाने, ‘काळ अज्ञात’ अशा स्पष्ट सूचीसह दाखवायचे. जिथे दोन जुन्या प्रतिमांच्या आधारे अंदाज बांधता येतो तिथे मी एका तारखेऐवजी दोन रकाने ठेवते: ‘या दिवशी नक्की नव्हते’ आणि ‘या दिवशी नक्की होते’. या दोन्हींमधील काळात तो घटक फिक्या रंगात येतो. काम वाढते, पण नकाशा खोटे बोलत नाही.

याच रिकामेपणाबद्दल माझे मत पुढे मात्र अर्धे बदलले. सुरुवात आणि अखेर असे दोन रकाने असलेल्या थरांत, म्हणजे प्रभाग, तालुके, जिल्हे अशा सीमांसाठी, अखेरची तारीख रिकामी ठेवली की ‘अजून चालू आहे’ असा अर्थ आपोआप लागतो. जुन्या पॅकेजमध्ये मी यासाठी ३१ डिसेंबर ९९९९ अशी कृत्रिम तारीख भरत असे, आणि ती चुकून कोणा अहवालात छापली गेली की उत्तरे देत बसावी लागत. इथे ती कटकट संपली. म्हणून माझी तक्रार आता एवढीच उरली आहे: रिकाम्या अखेरीचा जो अर्थ लावला जातो तो बरोबर आहे, रिकाम्या सुरुवातीचा जो लावला जातो तो धोक्याचा आहे, आणि दोन्हींना एकच नियम लावायला नको होता.

सीमांवरूनच आणखी एक गोष्ट सांगायला हवी. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला. जुन्या ठाण्यात पंधरा तालुके होते. त्यांपैकी आठ पालघरकडे गेले, सात ठाण्यात राहिले. मी वर्षागणिक चौकट ठेवून पट्टी चालवली तेव्हा २०१४ च्या चौकटीत जुने ठाणे, नवे ठाणे आणि पालघर असे तीनही बहुभुज, म्हणजे सीमांचे आकार, एकावर एक आले. कारण क्यूजीआयएसची चौकट हा क्षण नसतो, काळाचा तुकडा असतो, आणि त्या तुकड्यात थोडा काळ जरी अस्तित्वात असलेला घटक असेल तरी तो दाखवला जातो. अपघातांच्या नोंदी किंवा पावसाची मापे अशा घटनांसाठी हे अगदी योग्य आहे. सीमांसाठी नाही, कारण एका दिवशी एका जागेवर एकच जिल्हा असतो. त्यामुळे सीमांच्या थरांना मी प्रणालीचा हा नियम लावतच नाही. ‘फक्त थर पुन्हा काढा’ हा पर्याय ठेवून चौकटीच्या सुरुवातीचा क्षण देणारे चल वापरते आणि त्या क्षणी जे लागू आहे तेवढेच दाखवते.

त्यातही अखेरची तारीख कशी लिहायची हा प्रश्न राहतोच. आपल्या सरकारी कागदांच्या सवयीने मी जुन्या ठाण्याची अखेर ३१ जुलै २०१४ लिहिली होती. दिवसागणिक चौकट ठेवली आणि ‘सुरुवात धरून, अखेर वगळून’ ही मर्यादा निवडली, तर ३१ जुलैला नकाशावर जिल्हाच नाही. ‘अखेर धरून’ निवडावे आणि अखेरही १ ऑगस्टच लिहावी, तर त्या दिवशी दोन्ही. म्हणून आता माझा एकच नियम आहे: अखेरची तारीख म्हणजे ती स्थिती ज्या दिवशी संपलेली असते तो पहिला दिवस. जुन्या ठाण्याची अखेर १ ऑगस्ट, नव्याची सुरुवातही १ ऑगस्ट, आणि मर्यादा अखेर वगळून. पोस्टग्रेसक्यूएल या माहितीसाठ्याच्या प्रणालीमध्ये २०१२ च्या ९.२ आवृत्तीपासून असलेला तारीख-पल्ल्याचा प्रकार मुळातच असा चालतो. शिवाय एकाच घटकाचे दोन पल्ले एकमेकांवर येऊ नयेत अशी अट तिथे तक्त्यालाच घालता येते, त्यामुळे माझा सीमांचा सगळा साठा आता पोस्टजीआयएसमध्ये, म्हणजे तिच्या नकाशांसाठीच्या जोडणीत, आहे.

हे एवढे काटेकोर असण्याची गरज आकड्यांवरून पटते. २००१ च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या ८१,३१,८४९ होती. २०११ मध्ये ती १,१०,६०,१४८ झाली. पण आजच्या सीमांनुसार २०११ चा आकडा काढला तर ठाण्याचे ८०,७०,०३२ आणि पालघरचे २९,९०,११६ असे विभाजन होते. ज्याने सीमेचा काळ न पाहता ‘ठाणे’ या नावाखालचे २००१ आणि २०११ चे आकडे एका रांगेत ठेवले, त्याला दहा वर्षांत ठाण्याची लोकसंख्या साठ हजारांहून अधिक घटली असे दिसेल, तेही वाढ डोळ्यांदेखत होत असलेल्या जिल्ह्यात. एका महाविद्यालयाच्या प्रकल्पात मी हा तक्ता अगदी असाच पाहिला आहे. पट्टी सुरेख सरकत होती, रंग नेटके होते आणि निष्कर्ष साफ उलटा.

टेम्पोरल कंट्रोलर जिथे अजिबात मदत करत नाही, ती गोष्ट म्हणजे ओळख. शिळफाटा परिसरातील १४ गावे नवी मुंबई महापालिकेत होती, २००७ मध्ये वगळली गेली आणि २०२४ मध्ये पुन्हा समाविष्ट करण्यात आली. कल्याण-डोंबिवलीतील २७ गावांनीही असाच प्रवास केला: २००२ मध्ये बाहेर, २०१५ मध्ये पुन्हा आत. अशा गावासाठी तक्त्यात तीन ओळी लागतात, आणि प्रणालीच्या दृष्टीने त्या तीन वेगळ्या वस्तू असतात. गाव तेच आहे, फक्त त्याचे पालकत्व बदलले, हे तिला कळत नाही. या विषयाच्या अभ्यासकांनी ही अडचण फार पूर्वीच मांडली आहे. १९९२ मध्ये गेल लँग्रन यांनी काळाच्या छायाचित्रांसारख्या प्रतींवर विसंबण्याच्या मर्यादा दाखवल्या, तर १९९५ मध्ये डोना प्युके आणि निउ दुआन यांनी जागेऐवजी घटना हाच साठ्याचा पाया मानणारे प्रारूप मांडले. सरकती पट्टी मात्र अजूनही मुळात प्रतींचीच माळ आहे. म्हणून मी घटनांचा एक वेगळा तक्ता ठेवते. त्यात विभाजन, विलीनीकरण, समावेश, वगळणे असा प्रकार, तारीख, आधीचा घटक आणि नंतरचा घटक लिहिलेला असतो, आणि गावाचा कायमचा क्रमांक तीनही ओळींत सारखाच राहतो.

या तक्त्याचे काम चालू असताना शेजारच्या निवृत्त तलाठी काकांना मी नवी मुंबई महापालिकेच्या स्थापनेची तारीख विचारली. ते म्हणाले, “ताई, स्थापना डिसेंबर एक्क्याण्णवची, कारभार सुरू झाला जानेवारी ब्याण्णवला. तुम्हाला नेमकी कोणती हवी?” १७ डिसेंबर १९९१ आणि १ जानेवारी १९९२ या दोन्ही तारखा खऱ्या आहेत, आणि माझ्या साठ्यात ती नोंद मी केव्हा केली ही तिसरी. जमिनीवर काय केव्हा लागू होते आणि आपल्याला ते केव्हा कळले, हे दोन वेगळे काळ आहेत. माहितीसाठ्यांना प्रश्न विचारण्याच्या एसक्यूएल या भाषेच्या २०११ च्या मानकात दोन्हींना जागा आहे. क्यूजीआयएसच्या पट्टीला एका वेळी एकच काळ दाखवता येतो, आणि कोणता ते आपण ठरवायचे असते. मी नेहमी अंमलाचा काळ दाखवते. नोंदीचा काळ तपासणीसाठी तक्त्यात ठेवते.

उपग्रह प्रतिमांच्या बाबतीत थोडक्यात. ठाणे खाडीवर सेंटिनेल-२ हा उपग्रह सकाळी अकराच्या सुमारास जातो, पण त्या वेळी भरती आहे की ओहोटी हे दर फेरीला बदलते. प्रतिमा नुसत्या तारखेने लावल्या की चिखलपट्टे येतात, जातात, पुन्हा येतात, आणि पाहणाऱ्याला खाडी बुजवली जात आहे असे वाटते. मी प्रत्येक प्रतिमेला भरतीची उंची जोडून सारख्या पाण्याच्याच प्रतिमा माळेत घेते. जून ते सप्टेंबरमध्ये ढगांमुळे वापरण्याजोगे फारसे काही मिळत नाही. त्या रिकाम्या चौकटी मी तशाच ठेवते, मागची प्रतिमा ताणून भरत नाही.

बाकी किरकोळ. वर्ष नुसता पूर्णांक म्हणून ठेवले असेल तर ती तारीख होत नाही, ते सूत्राने बदलून घ्यावे लागते. शेपफाइल या जुन्या फाइल-प्रकारात तारखेच्या रकान्यात वेळ बसत नाही, त्यामुळे भरतीसारख्या कामाला जिओपॅकेज हा नवा प्रकारच हवा. चलचित्र थेट निघत नाही. चित्रांची मालिका निघते आणि ती एफएफएमपेग या वेगळ्या साधनाने जोडावी लागते. माझ्या जुन्या लॅपटॉपवर मोठे रास्टर (उपग्रह प्रतिमांसारखे चित्रथर) पट्टीबरोबर अडखळतात, म्हणून दाखवण्यापूर्वी मी त्यांचे पिरॅमिड, म्हणजे कमी तपशिलाच्या प्रती, तयार करून ठेवते.

जुन्या परवान्यासाठी मी दर वर्षी जी रक्कम बाजूला ठेवत असे, तिच्यातील थोडा भाग या वर्षी क्यूजीआयएस प्रकल्पाला देणगी म्हणून दिला. रिकाम्या सुरुवातीच्या तारखेसाठी थराच्या गुणधर्मांत वेगळा पर्याय असावा, अशी सविस्तर मागणी नमुना तक्त्यासह त्यांच्या तक्रारी-सूचनांच्या नोंदवहीत टाकण्यासाठी मी लिहून पूर्ण केली आहे.