इक्न्युमोनिड की ब्रॅकोनिड?
कोबीच्या पानावर मरायला टेकलेली अळी आणि तिला बिलगलेला बारीक पिवळ्या कोषांचा झुबका दिसला, तर ते बहुधा ब्रॅकोनिडचं काम, म्हणजे दुसऱ्या कीटकांवर आपली पिल्लं पोसणाऱ्या परजीवी गांधीलमाश्यांच्या एका कुळाचं. इक्न्युमोनिड हे तसल्याच गांधीलमाश्यांचं दुसरं कूळ, तिची सख्खी बहीण. आकारावर विसंबू नका, भिंगाखाली पुढचा पंख बघा: इक्न्युमोनिडला कडेच्या बाजूला एक जादा आडवी शीर असते, ब्रॅकोनिडला बहुतेक नसतेच.

नोंदलेल्या जाती अनुक्रमे सुमारे २५,००० आणि २०,०००.

इक्न्युमोनिड उष्ण प्रदेशात कमी, असं वर्षानुवर्षं मानलं गेलं. मला ते पटत नाही. युरोपात कीटक पकडणारी जाळी पिढ्यान्‌पिढ्या फिरली, उष्ण जंगलांत फारच थोडी. पेरूच्या ॲमेझॉन जंगलात तंबूसारखे सापळे लावले, तेव्हा इक्न्युमोनिडांमधल्या एकट्या पिंप्लिनी उपकुळाच्याच कितीतरी जाती निघाल्या!