आईबाबांसाठी घेतलेलं एसओएस घड्याळ आणि कोणीच नसलेली कंट्रोल रूम

घरी वयस्कर माणसं आहेत आणि त्यांच्यासाठी एसओएस बटनाचं घड्याळ किंवा पडल्यावर आपोआप फोन लावणारं लॉकेट वगैरे घ्यायच्या विचारात असाल तर पैसे भरायच्या आधी हे वाचा. लांबलंय जरा, पण फसवायची पद्धत इतकी व्यवस्थित होती की थोडक्यात सांगितलं तर कळणार नाही.

बाबांना पार्किन्सन्स आहे, शुगर आहे, इन्सुलिन चालू आहे. त्यांचं सगळं आईच बघते, गोळ्यांच्या वेळा, अंघोळ, रात्री दोन-तीनदा उठवून बाथरूमला नेणं, आणि आता तिचंही वय झालंय हे आम्ही भावंडं लांब बसून फोनवर एकमेकांना सांगत असतो. अशा वेळी जाहिरात आली. चोवीस तास कंट्रोल रूम, माणूस पडला की घड्याळ स्वतः ओळखणार, काही सेकंदात ट्रेनिंग घेतलेला माणूस बोलायला येणार, वर सुई न टोचता शुगर, बीपी, ऑक्सिजन सगळं मनगटावर. वर्षाचं सबस्क्रिप्शन एकदम भरलं तर घड्याळ फुकट. फोनवरचा माणूस म्हणाला, "मॅडम, पडल्यानंतरचा पहिला तास फार महत्त्वाचा असतो." आता हे खोटं नाहीच ना! तासाच्या वर जमिनीवर पडून राहिलं तर अंगातलं पाणी कमी होतं, दबलेले स्नायू खराब होऊन किडनीवर ताण येतो, हे डॉक्टरही सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा आहे की जगात दरवर्षी साधारण ६ लाख ८४ हजार माणसं पडून दगावतात आणि त्यात साठीच्या पुढचे सगळ्यात जास्त. म्हणजे भीती खरी, फक्त उपाय खोटा. आणि ही भीती म्हाताऱ्या माणसाला विकत नाहीत हो, ती लांब राहणाऱ्या मुलाला विकतात, कारण कार्ड त्याच्याकडे असतं.

मग एका रात्री बाबा पलंगाच्या कडेवरून घसरले. धाडकन आपटले नाहीत, सरकत सरकत खाली बसले, त्यामुळे घड्याळाला पत्ताच नाही. आईने बटन दाबलं. रिंग वाजली, मग "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे", मग म्युझिक, मग कट. परत दाबलं, परत तेच. शेवटी तिने शेजाऱ्यांना हाका मारल्या, त्यांनी येऊन उचललं. लागलं नाही हे नशीब. सकाळी मला फोन करून म्हणते, "अगं तुझ्या त्या कंट्रोल रूममधे गाणी छान लावतात."

मी अ‍ॅप उघडलं तर त्या रात्रीच्या कॉलसमोर हिरवी टिक. "सहाय्य पुरवले." इथे माझं डोकं सटकलं.

भावाला इलेक्ट्रॉनिक्समधलं कळतं, तो घरी आल्यावर त्याने पहिलं काम काय केलं तर टॉवेलची घट्ट गुंडाळी करून तिला ते घड्याळ बांधलं. टॉवेलचे ठोके आले. टॉवेलचं बीपी आलं. शुगर पण आली, एकदम नॉर्मल! ठोक्यांचं तरी एक वेळ समजू शकतं, मागचा हिरवा दिवा कातडीवर पडतो, परत येणारा उजेड रक्ताच्या लाटेबरोबर कमी-जास्त होतो, त्यावरून ठोके काढतात, आणि हलक्या घड्याळांना समोर कातडी आहे का कापड हे कळत नाही. पण शुगरचं तसं नाही. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथे औषधं आणि वैद्यकीय उपकरणं मंजूर करणाऱ्या सरकारी संस्थेने, फेब्रुवारी २०२४ मधे जाहीर सांगितलं होतं की कातडीला न टोचता स्वतःहून शुगर मोजणारं एकही स्मार्टवॉच किंवा अंगठी त्यांनी मंजूर केलेली नाही आणि असली वापरू नका. दंडावर चिकटवायचा तो सेन्सर येतो ना डॉक्टर देतात तो, त्याचीसुद्धा बारीक तार कातडीच्या आत जाते आणि घड्याळ फक्त त्याचा आकडा दाखवतं, ती गोष्ट वेगळी. आमच्याकडे आईने बोट टोचायचं बंद करत आणलं होतं, घड्याळ सांगतंय म्हणून. इन्सुलिनवरच्या माणसाला टॉवेलची शुगर बघून डोस! बटनापेक्षा मला याचीच जास्त भीती वाटते आता.

पडलेलं ओळखण्याचंही नीट समजून घ्या. घड्याळात हालचाल मोजणारा सेन्सर असतो, तो बघतो की हात झपकन खाली आला, दणका बसला आणि मग हालचाल थांबली. भिंतीला धरून हळूहळू खाली बसलेला माणूस, खुर्चीतून ओघळलेला माणूस त्यात बसत नाही, आणि बाबा तर असेच घसरले होते. २०१८ पासून चांगल्या कंपन्यांच्या घड्याळात ही सोय आलीय, पण त्या स्वतःच लिहितात की प्रत्येक पडणं पकडलं जाईल असं नाही. आमच्याला विचारलं होतं तर "शंभर टक्के मॅडम". जो शंभर टक्के म्हणतो त्याचा फोन तिथेच ठेवा.

अजून एक, ते घड्याळ फक्त टूजीवर, म्हणजे जुन्या मोबाईल नेटवर्कवर चालणारं निघालं, आणि जुनं नेटवर्क बंद झालं की असलं यंत्र निकामी. २०२२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत एटी अँड टी या मोबाईल कंपनीने थ्रीजी बंद केलं तेव्हा तिथली अशी कितीतरी जुनी अलार्म यंत्रं बदलायची पाळी आली होती. भावाचं म्हणणं की असला जुना माल नवीन डब्यात घालून फुकट म्हणून द्यायला परवडतो. खरंखोटं माहीत नाही पण पटतं.

पुढचं तर कहर आहे. सबस्क्रिप्शन बंद करायला गेले तर अ‍ॅपमधलं बटन चॅटवर नेतं, चॅटवाला "आपली विनंती नोंदवली" म्हणतो आणि पुढच्या महिन्यात "प्रीमियम सेवा" म्हणून कार्डमधून वेगळेच पैसे कापले जातात. वर्षाचे आधीच दिलेले असताना! शेवटी बँकेला सांगून ऑटो डेबिट तिथून बंद केलं आणि कार्डच बदललं. अ‍ॅप डिलीट केल्याने पैसे कापायचे थांबत नाहीत, बऱ्याच जणांचा हा गैरसमज असतो.

त्यानंतर आईला फोन. "आजी, तुमचा रिफंड आलाय, एक छोटं अ‍ॅप टाका, मी स्क्रीनवर दाखवतो कुठे दाबायचं." त्याला बाबांच्या गोळीचं नाव माहीत होतं, दुपारी आई एकटी असते हेसुद्धा, कारण आम्हीच ते रजिस्ट्रेशन करताना अ‍ॅपमधे भरलेलं होतं, गोळ्यांची आठवण आणि "घरी कोण कधी असतं" वगैरे रकाने होते त्यात. आई म्हणाली, पैसे द्यायचेत तर दे की, माझा फोन कशाला बघायचाय तुला? आणि ठेवून दिला. 😄

हा धंदा नवीन नाही. २०१४ मधे अमेरिकेत एफटीसीने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, एका टोळीवर केस केली होती, ते म्हाताऱ्यांना रेकॉर्डेड फोन करून सांगायचे की तुमच्यासाठी कोणीतरी आधीच अलार्म यंत्र घेतलंय, फुकट आहे, आणि मग महिन्याचे पैसे लावायचे.

म्हणून घ्यायचंच असेल तर ट्रायल मागा आणि ट्रायलमधे रात्री दोन-अडीचला न सांगता बटन दाबा. बाथरूममधून दाबा, दार लावून, कारण बरीच माणसं तिथेच पडतात आणि नेटवर्कही तिथेच जातं. उचलणारा माणूस तुम्हाला न विचारता तुमचं नाव-पत्ता सांगू शकतो का बघा. पलीकडे कोणी नसलं तरी महिनोन्‌महिने कळत नाही हो, कारण बटन कोणी दाबतच नाही, आणि यांचा सगळा खेळ त्याच्यावर आहे.

बँकेने एका कपातीचे पैसे परत मिळवून दिले, वर्षाचे मात्र अडकलेत, तक्रार केलीय, चालू आहे. त्यांची जुनी साईट बंद झाली, आता दुसऱ्या नावाने उघडलीय. जाहिरातीत हेडफोन लावलेली तीच हसरी मुलगी, मागे तीच कंट्रोल रूम, आणि खाली परत लिहिलंय वर्षाचे भरा, घड्याळ फुकट.