पाच रुपयांच्या रीडिलिव्हरीत ४७,२५९ गेले. थ्रिफ्टवर, म्हणजे दुसऱ्याने वापरलेले कपडे घेणाऱ्या सगळ्यांनी वाचा

आधीच सांगते, मी ओटीपी कुणाला दिला नाही. लॉटरी लागली म्हणून नाचले नाही, लोन ॲप डाउनलोड केलं नाही, स्क्रीन शेअर केली नाही. माझ्या आत्याला मीच दोन वर्षं शिकवतेय की "आत्या, पैसे यायचे असतील तर पिन टाकायचा नसतो." त्यामुळे "आजकालच्या शिकलेल्या मुली अशा कशा फसतात" हे ज्यांना बोलायचंय त्यांनी जरा थांबा, पूर्ण वाचा, मग बोला.

तर मे महिना. परीक्षा संपलेली, गुहागरकडे आजीकडे जायचं ठरलेलं, तिथे मामेबहिणीचं केळवण, मग धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला उतरून दापोली, आणि जूनमध्ये मैत्रिणींबरोबर स्पिती. यातलं स्पिती मी स्वतःच्या पैशाने करणार होते. मी क्रोशेच्या बॅगा आणि बकेट हॅट विणून विकते, एक हॅट ४५० ला जाते, त्यात दोऱ्याचाच खर्च केवढा असतो ते विणणाऱ्यांना माहितीये. सगळा हिवाळा मान मोडून विणलं होतं. अकाउंटला जे होतं त्यात तीन जणींचे ॲडव्हान्सही होते, हे लक्षात ठेवा, पुढे येणारे.

थ्रिफ्ट मी नवीन नाही करत. जुना बाजार बुधवारी-रविवारी भरतो तिथे कॉलेजला असल्यापासून जाते, कॅम्पातल्या फॅशन स्ट्रीटला घासाघीस करता येते मला. ऑनलाइन थ्रिफ्ट पेजेसवरूनही घेतलंय आणि चांगलं मिळालंय. ज्यांना माहितीये त्यांना माहितीये, 'ड्रॉप'ची, म्हणजे नवे कपडे पेजवर टाकायची वेळ आधी सांगतात, फोटो पडले की जी पहिली 'बुक्ड' लिहील तिचं, बस्ट-वेस्ट-लेंथ इंचात दिलेलं असतं, सीओडी (पार्सल हातात आल्यावर पैसे) नाही, रिटर्न नाही, आणि पाकीट उघडताना व्हिडिओ काढायचा. म्हणजे हा धंदाच असा आहे की आधी पैसे आणि मग विश्वास. चोरांना आणखी काय पाहिजे.

हे पेज मला रील बघताना सापडलं. डेनिम जॅकेट ८५०, लिननचे दोन शर्ट ४८० ला एक, एक को-ऑर्ड सेट ७८०, आणि जुन्या इरकल साडीचा शिवलेला लांब स्कर्ट १,०५०. तो स्कर्ट! काठ असा घेरावर खाली आलेला, तो घालून फेरीबोटीच्या कठड्याशी उभं राहायचं एवढंच डोक्यात. कुरिअरचे १२०. एकूण ३,७६०. त्यांनी टाकलेला क्यूआर स्कॅन केला, नाव कुठल्यातरी माणसाचं आलं, पेजचं नाव वेगळं. हे सगळ्याच छोट्या पेजेसचं असंच असतं, कुणाच्या नवऱ्याचं अकाउंट, कुणाच्या भावाचं, त्यामुळे त्यात काही वावगं वाटलं नाही. ट्रॅकिंग नंबरही आला. नंतर शोधलं तेव्हा कळलं की ते फोटो दोन-तीन वेगवेगळ्या पेजेसचे उचललेले, स्कर्टच्या फोटोतली फरशी एक आणि जॅकेटच्या फोटोतली फरशी वेगळी. फोटो उलटा सर्च करा, म्हणजे तोच फोटो आणखी कुठे आहे ते शोधा. पैसे द्यायच्या आधी करा, मी नंतर केला. आणि कमेंट बंद असलेल्या पेजवर घेऊच नका, कितीही गोड रिप्लाय देत असले तरी.

निघायच्या दिवशी सकाळी फोन. बॅगा दारात, बाबा खाली गाडीत बसून हॉर्न वाजवतायत, आई गॅस बंद केला का विचारतेय. "मॅडम, तुमचं पार्सल हबला आलंय, पत्ता इनकम्प्लीट दाखवतोय, विंग नाही टाकलीत." आता गंमत अशी की मी खरंच विंग टाकली नव्हती. त्याला माझं नाव माहीत, कपडे आहेत हे माहीत, ३,७६० माहीत. मग हा कुरिअरवाला नाही असं वाटायला काही कारण होतं का? पोलीस आता म्हणतात "थ्रिफ्ट पेजवाले वेगळे आणि हे वेगळे असू शकतात." कसे वेगळे असतील? माझी विंग राहिली हे दुसऱ्या कुणाला माहीत असणार होतं?

"रीडिलिव्हरी चार्ज पाच रुपये मॅडम, लिंक पाठवतो, दहा मिनिटांत नाही झालं तर रिटर्न जाईल." लिंक उघडली, कुरिअर कंपनीचा लोगो, फॉर्म, नाव, नंबर, बँक, मग पाच रुपये पे करा, पिन टाकला. पेमेंट फेल. पाच रुपये गेलेच नाहीत! म्हणून मी निर्धास्त. (पैसे *द्यायला* पिन लागतो ना, मग टाकला. यात चुकीचं काय होतं ते सांगा मला. पिन फक्त आपल्या युपीआय ॲपमध्ये जे पान उघडतं तिथेच टाकायचा, ब्राउझरमधल्या पानावर कध्धीच नाही, हे कुणी धड सांगतच नाही, सगळे नुसतं 'पिन शेअर करू नका' म्हणतात.)

आणि आता ती जागा. ही मला रात्री झोपू देत नाही.

तो म्हणाला, "मॅडम पेमेंट अडकलंय, पत्ता व्हेरिफाय करावा लागेल, मी एक कोड टाकतो तो कॉपी करून या नंबरला तुमच्या सिमवरून एसएमएस करा." तो कोड आला. दोन-तीन ओळी भरून नुसती आडवीतिडवी इंग्रजी अक्षरं नि आकडे, मध्ये स्पेस नाही, अर्थ नाही. माझा अंगठा थांबला होता हो. खरंच थांबला होता. मी त्याला विचारलं, "हे काय आहे?" तर तो शांतपणे म्हणतो, "मॅडम, पत्ता एन्क्रिप्टेड असतो, तुमच्या प्रायव्हसीसाठी." प्रायव्हसीसाठी!! आणि मला ते पटलं, कारण हल्ली सगळीकडे हेच तर ऐकतो आपण, आणि खाली बाबांनी तिसऱ्यांदा हॉर्न दिला, आणि मी सेंड दाबलं.

तो एसएमएस म्हणजे काय होता ते ऐका. आपण नवीन फोनमध्ये युपीआय ॲप टाकतो तेव्हा ते ॲप आपल्या सिमवरून असाच एक एसएमएस आपोआप पाठवतं, त्यावरून बँकेला कळतं की हा नंबर याच फोनमध्ये आहे. त्याने त्याच्या फोनमध्ये माझा नंबर टाकून युपीआय चालू केलं आणि तो एसएमएस माझ्या हातून पाठवून घेतला. पिन मी फॉर्ममध्ये दिलेलाच होता. झालं, माझं अकाउंट त्याच्या खिशात. ओटीपीचा संबंधच आला नाही. कुणीही, कुठल्याही कारणासाठी, असला अगम्य मजकूर तुमच्या सिमवरून पाठवायला सांगितला तर फोन कट करा. पार्सल जाऊ दे खड्ड्यात.

बँकेचा मेसेज आला होता, युपीआय रजिस्ट्रेशन झालंय, तुम्ही केलं नसेल तर या नंबरला कळवा, असा. आला कुठे, तर खेड शिवापूरच्या टोलच्या आसपास. आता बाबांचा फास्टॅग माझ्या नंबरला जोडलेला आहे, त्यामुळे गाडीत बसलं की बँक, टोल, बॅलन्स हे मेसेज धडाधड येत असतात, ते मी वाचत नाही, कोण वाचतं? आणेवाडीला परत दोन. संध्याकाळी ४,९९९ डेबिट झाल्याचा मेसेज कुंभार्ली घाटात रेंज नसताना अडकला आणि चिपळूणला बाकीच्या ढिगाबरोबर पडला. बघितलाच नाही. ४,९९९ च का, तर नवीन फोनवर युपीआय चालू केलं की पहिले २४ तास ५,००० च्या वर जात नाही. म्हणजे सिस्टिमने मला अख्खा एक दिवस दिला होता. चोराला हे पक्कं माहीत होतं, तो थांबला. मला माहीत नव्हतं. फास्टॅग आजच दुसऱ्या नंबरवर टाका.

आजीचं घर वेळणेश्वरच्या पुढे एका वाडीत आहे, रेंजसाठी वर सड्यावर जावं लागतं. दुसऱ्या दिवशी मी फणसाचे गरे सोलत होते, हाताला खोबरेल लावून, आणि तिकडे दुपारी २०,००० आणि लगेच १८,५०० गेले. संध्याकाळी फोटो टाकायला म्हणून सड्यावर गेले तर फोन थरथरायला लागला तो थांबेचना. शिल्लक २१२ रुपये. मला आधी वाटलं दुसऱ्या कुणाचा मेसेज चुकून आलाय.

तिथूनच १९३० ला फोन केला. हे मात्र लगेच करा, रडायचं नंतर. १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर आहे, पैसे एका अकाउंटमधून दुसऱ्यात जायच्या आत सांगितलं तर अडवता येतात. ट्रान्झॅक्शनचा बारा आकडी नंबर, वेळ, रक्कम हाताशी ठेवा, मला रेंज जात-येत असताना ते शोधायला लागलं. तक्रार क्रमांक मिळाला. त्यातले ६,१४० कुठल्यातरी परराज्यातल्या खात्यात गोठवलेत. बाकीचे पुढे गेले.

आता या बँकवाल्यांची मजा ऐका. तालुक्याच्या ब्रँचमध्ये गेले तर "होम ब्रँचला जा." मी म्हटलं खातं तुमच्याच बँकेचं आहे, निदान युपीआय बंद तरी करा, तर साहेब जेवायला गेलेत. शेवटी कस्टमर केअरवर मीच ब्लॉक केलं, त्यातही आधी कार्ड इन्शुरन्सची जाहिरात ऐकवली. पुण्यात आल्यावर होम ब्रँच म्हणते, "मॅडम पिन तुमचा, सिम तुमचं, म्हणजे ट्रान्झॅक्शन तुम्हीच केलंय." मी म्हटलं आरबीआयचं २०१७ चं परिपत्रक आहे, जबाबदारी ग्राहकाची आहे हे सिद्ध करायचं काम बँकेचं. तर ती बाई म्हणते "असं लेखी द्या." लेखी दिलं तर "इनवर्ड स्टॅम्प आज मिळणार नाही, स्टॅम्प मॅडमकडे आहे." अर्ज मिळाल्याचा तो स्टॅम्प घेतल्याशिवाय उठू नका. आणि ६,१४० ला हात लावायचा तर कोर्टाचा आदेश आणा म्हणे, म्हणजे सहा हजारांसाठी वकील करायचा.

पोलीस त्याहून भारी. तिकडे म्हणाले, "फोन आला तेव्हा तुम्ही पुण्यात होतात, तिकडे द्या." इकडे म्हणाले, "पैसे गेले तेव्हा तुम्ही कोकणात होतात." बाबा शांत माणूस, पण ते पण चिडले. झिरो एफआयआर नावाची गोष्ट आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये लिहिलेलं आहे, १ जुलै २०२४ पासून लागू आहे, गुन्हा कुठेही घडू दे, नोंदवून घ्यायचा आणि मग पाठवायचा. हे मी बोलले तर तो हवालदार माझ्याकडे असा बघायला लागला की मीच आरोपी. मग विचारतो, "काय घेतलं होतं?" मी सांगितलं. "म्हणजे दुसऱ्याने वापरलेले कपडे? पैसे देऊन?" बाजूच्या टेबलावरचा हसला. "ताई, घरची परिस्थिती तर चांगली दिसतेय." बाबांनी तेव्हा जमिनीकडे बघितलं ते मला सगळ्यात जास्त लागलं. ४७ हजारांच्या चोरीत तपास कसला तर मी जुने कपडे का घालते याचा. अर्ज घेतला, एफआयआर नाही. अर्जाची पोच म्हणजे एफआयआर नव्हे, पोच देऊन बोळवण करतात, फसू नका, सायबर पोर्टलवरची ऑनलाइन तक्रार आणि एफआयआर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आजी तर म्हणाली, "आम्ही जुनी लुगडी बोहारणीला द्यायचो नि पातेलं घ्यायचो, तू उलटीच गो, पैसे देऊन जुनेरं घेतेस." पण ती निदान हसून म्हणाली, आणि स्वतःच्या ट्रंकेतली एक चौकडीची नऊवारी काढून दिली. केळवणाला तीच नेसले.

त्या पेजला मी रिपोर्ट केलं, मैत्रिणींनी केलं, उत्तर आलं की यात नियमांविरुद्ध काही आढळलं नाही. मला ब्लॉक केलंय, पण बहिणीच्या अकाउंटवरून दिसतं. नाव बदललंय, डीपी बदललाय, आणि तो इरकलचा स्कर्ट परत टाकलाय, १,०५० चा आता ९९० ला. खाली 'लास्ट पीस'.

बँकेला लेखी देऊन ३० दिवस झाले की आरबीआयच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, त्याला पैसे लागत नाहीत आणि वकीलही लागत नाही, ती मी करणार आहे. खर्चाचं खातं आणि बचतीचं खातं वेगळं ठेवा, युपीआय फक्त खर्चाच्या खात्याला जोडा, त्यात दोन-तीन हजारांच्या वर ठेवू नका. हे मला आता बँकेतलाच एक शिपाई सांगून गेला, साहेबांपैकी एकानेही नाही.

स्पिती रद्द. तिघींच्या ॲडव्हान्सएवढे पैसे मी बाबांकडून घेऊन दोरा आणला आणि हॅट विणून देतेय, त्यातल्या एकीने "मग माझं डिले होणार का" एवढंच विचारलं. आईला अजून पूर्ण आकडा माहीत नाही, तिला ४,९९९ सांगितलेत. नातेवाइकांपैकी जे कुणी हे वाचेल त्यांनी कृपया गप्प बसावं.