स्लिपवर पीएफ कापलेला दिसतो म्हणून निर्धास्त राहू नका

पगारातून कापलेले पैसे खरंच भरले जातात का, ते आजच बघा. मी 19 महिने बघितलं नाही.

मार्च 2022 ला ठेकेदारामार्फत एका कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून पीस काढणाऱ्या मशीनवर, लागलो. ठेकेदारांचे प्रकार तुम्हाला माहीत आहेत, ते उगाळत नाही. दर महिन्याला पीएफचे 1,740 आणि ईएसआयचे, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याचे, 126 रुपये कापायचे. 19 महिन्यांचे 33,060 आणि 2,394, म्हणजे माझ्या घामाचे 35,454 रुपये. त्यातला एक रुपया भरलेला नव्हता. मालकाचा हिस्सा तर दूरच.

हे कळलं बोटं गेल्यावर. प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय स्ट्रोक पडू नये म्हणून. आमच्या प्रेसचं डावं बटण काळी टेप गुंडाळून कायमचं दाबून ठेवलेलं होतं. एका हाताने काम झालं की पीस जास्त निघतात. ऑक्टोबर 2023, रात्रपाळी. पीस अडकला, तो डाव्या हाताने ओढत होतो आणि उजवा हात बटणावर पडला. दोन बोटांची पेरं गेली. ठेकेदाराच्या माणसाने खाजगी दवाखान्यात नेलं, 5,000 भरले आणि फोन बंद केला. बिल 68,400. उरलेले 63,400 मी व्याजाने काढले. ईएसआयकडे जावं तर नंबर मागतात, आणि माझा नंबर कधी काढलाच नव्हता.

तो क्षण अजून झोपू देत नाही. तिसऱ्या पगाराची स्लिप. यूएएनच्या, म्हणजे पीएफच्या कायमच्या नंबरच्या, रकान्यात ‘अप्लाइड’ (अर्ज केलाय), ईएसआय नंबरच्या रकान्यातही ‘अप्लाइड’. मी आयटीआय झालेला माणूस, लाइनवरच्या पोरांना त्यांच्या स्लिपा मीच वाचून दाखवायचो. आधीच्या कंपनीत पीएफ भरला की मोबाईलवर मेसेज यायचा, इथे एकदाही आला नाही. माझा जुना यूएएन होता, नवा काढायची गरजच नव्हती! विचारलं तर सुपरवायझर म्हणाला, “अरे, तुझं आधार मॅच होत नाहीये, पुढच्या महिन्यात होईल.” मी गप्प बसलो. जास्त विचारणाऱ्याचा गेटपास दुसऱ्या दिवशी बंद व्हायचा, हे डोळ्यांनी बघितलं होतं. घरी कमावणारा मी एकटा. अशा वेळी कोण भांडतं, तुम्हीच सांगा.

यूएएन असेल तर उमंग ॲपवर पासबुक उघडा. पैसे पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायचे असतात. दोन महिने नोंद दिसली नाही तर तिसऱ्याची वाट बघू नका.

आणि सरकारी कचेऱ्या! पहिल्या खिडकीवर म्हणाले, नंबर नाही तर तुम्ही आमचे कामगारच नाही. दुसरीकडे म्हणाले, कंपनीचं पत्र आणा. ज्याने चोरी केली त्याच्याकडूनच पत्र आणायचं? तिसऱ्या ठिकाणी साहेब मीटिंगला, पुन्हा साहेब रजेवर. बँडेज बांधलेला हात घेऊन 11 खेपा मारल्या, प्रत्येक खेपेला एक खाडा. पोलिसांनी हे कामगार खात्याचं आहे म्हणून परत पाठवलं, जेव्हा की कापलेला पीएफ न भरणं हा विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा आहे. युनियनच्या एका जुन्या माणसाने सांगितलं तेव्हा कळलं, की तेव्हा लागू असलेल्या 1948 च्या राज्य विमा कायद्यात, म्हणजे ईएसआयच्या कायद्यात, मालकाने हप्ता भरला नाही म्हणून कामगाराचा हक्क बुडत नाही, सरकार पैसे मालकाकडून वसूल करू शकतं. ठेकेदार पळाला तरी मूळ कंपनी जबाबदार असते. एवढं त्या खिडक्यांवरच्या एकाने तरी सांगायचं होतं!

तोंडी तक्रार करू नका. अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर पोच घ्या. स्लिप, हजेरी कार्ड, गेटपास, सगळ्यांचे फोटो घरच्या कुणाच्या तरी मोबाईलवर ठेवा. माझा गेटपास अपघाताच्या रात्रीच काढून घेतला होता, मी तिथे कामाला होतो हे सिद्ध करायला 19 स्लिपाच उरल्या. कोऱ्या कागदावर सही करू नका, दवाखान्यात तर मुळीच नाही. माझ्याकडून ‘चूक माझी’ असं लिहून घ्यायला माणूस आला होता.

बटणाला टेप लावलेली दिसली तर आधी फोटो काढा, मग मशीनला हात लावा. माझ्या प्रेसवरची टेप दुसऱ्या दिवशी सकाळी काढलेली होती.