बॅटमॅन, पनिशर की रॉर्शाक: एकच घ्यायचे तर कोणते?

जळगावच्या आमच्या वाचनगटात मानसशास्त्र शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले, की कायदा हातात घेणाऱ्या, झपाटलेल्या नायकांचे एकच कॉमिक विकत घेता येणार असेल, तर कोणते घ्यावे. आमच्याकडे कापसाच्या शेतात नागाने डूख धरल्याच्या गोष्टी लहानपणापासून कानावर पडतात. या तिघांनीही डूख धरलेला आहे. मात्र तो कोणावर, हे प्रत्येकाचे वेगळे आहे.

फ्रँक मिलर यांच्या १९८६ सालच्या 'द डार्क नाइट रिटर्न्स'मधला ब्रूस वेन, म्हणजेच बॅटमॅन, ५५ वर्षांचा आहे आणि मुखवटा उतरवून त्याला दहा वर्षे झाली आहेत. आईवडिलांच्या खुनाच्या रात्री पाहिलेला झोरोचा चित्रपट टीव्हीवर लागतो, त्याच्याने तो बंद करवत नाही, आणि आईच्या तुटलेल्या माळेचे मोती चौकटीमागून चौकटीत सांडू लागतात. सुटलेले व्यसन पुन्हा कसे जडते, हे इतके नेमके मी क्वचितच वाचले आहे. तरीही मिलर अखेर त्याच्या बाजूने उभे राहतात, हे ध्यानात ठेवावे.

पनिशर १९७४ मध्ये स्पायडरमॅनच्या अंकात आला. गुंडांच्या गोळीबारात कुटुंब गेले म्हणून तो मारत सुटला, ही त्याची सर्वपरिचित कथा. परंतु गार्थ एनिस यांच्या २००३ च्या 'बॉर्न'मध्ये तो व्हिएतनामच्या युद्धातच हत्येला सरावलेला दिसतो, त्यामुळे दुःख हे कारण होते की निमित्त, असा प्रश्न पडतो.

माझे मत मात्र 'वॉचमेन'च्या बाजूने आहे. अॅलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांच्या या १२ अंकी कथेतला (१९८६-८७) सहावा अंक मानसशास्त्राच्या अभ्यासाला थेट भिडणारा आहे, कारण येथे झपाटलेल्या माणसासमोर त्याचे ऐकून घेणारा कोणीतरी बसलेला आहे. पकडल्या गेलेल्या रॉर्शाक या मुखवटाधारी नायकाला तुरुंगात मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर माल्कम लाँग त्याच्या मनात काय आहे ते ओळखण्यासाठी शाईचा डाग दाखवतात. रॉर्शाकला त्यात डोके फुटलेला कुत्रा दिसतो, पण तो शांतपणे सांगतो, सुंदर फुलपाखरू. पुढे तो खरे बोलू लागतो, तसतशी डॉक्टरांची झोप उडते, घरात पत्नीशी खटके उडू लागतात, आणि अखेरीस त्याच डागाकडे पाहताना त्यांना झाड दिसावे असे वाटत असूनही मेलेले मांजर आठवते. बॅटमॅन आणि पनिशर यांच्या कथांत आपण नायकाच्या डोक्यातच कोंडलेले असतो. येथे ते वेड ऐकणाऱ्याला कसे लागते, ते दिसते.

पैसे एकाच पुस्तकापुरते असतील, तर हेच घ्यावे. पुढे जमल्यास मिलर, आणि युद्धाच्या मानसिक परिणामांत रस असेल तरच 'बॉर्न'. सहाव्या अंकात सहा वर्षांच्या मुलीच्या अपहरणाचा आणि हत्येचा अतिशय अस्वस्थ करणारा प्रसंग आहे, तेव्हा पुस्तक घरातल्या लहान भावंडांच्या हाती लागणार नाही, एवढे पाहावे.