'शाळा' आधी की 'वनवास'?

फोंडा-म्हापशाकडच्या आठवी-नववीतल्या मुलाला पहिलं मोठं मराठी पुस्तक कोणतं द्यावं? मिलिंद बोकील यांची 'शाळा' ही कादंबरी झपाट्याने वाचून होते. आणीबाणीचा काळ, नववीचा वर्ग, मुकुंद जोशी, त्याचं टोळकं आणि त्याला आवडणारी शिरोडकर.

पण माझं मत प्रकाश नारायण संतांच्या 'वनवास'लाच. आहे कथासंग्रह, पण पुढे 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर' वाचत गेलं की या कथांचा नायक लंपन कादंबरीतल्यासारखा आपल्यासमोर वाढतो. आईवडिलांपासून लांब, आजी-आजोबांकडे राहणारा पोरगा. सुमीशी जुळलेलं मैत्र. ऊठसूट 'मॅड' म्हणायची सवय. त्याची कानडी वळणाची मराठी तर बेळगावात सोयरीक असलेल्या गोव्यातल्या घरांना लगेच आपली वाटते.

'शाळा' द्या दहावीनंतरच्या सुट्टीत.