उपग्रहामागे दुर्बीण: अल्ट-अझिमथ की इक्वेटोरियल?

ताऱ्यांच्या फोटोंसाठी इक्वेटोरियल माउंटला (दुर्बिणीचा असा आधार, ज्याचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर लावतात) तोड नाही. अक्ष ध्रुवाकडे नीट लावला की एकच मोटर पुरते. पण आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक डोक्यावरून जाताना सेकंदाला साधारण 1 अंश सरकतं, म्हणजे ताऱ्यांच्या जवळपास 240 पट वेगाने. तिथे ही सोय कुचकामी. दोन्ही मोटरी पळवाव्या लागतातच, शिवाय इक्वेटोरियलच्या जर्मन प्रकारात (एका बाजूला दुर्बीण, दुसऱ्या बाजूला तोलाचं वजन) याम्योत्तर, म्हणजे डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा, ओलांडताना दुर्बीण उलटवायची वेळ येऊ शकते. तोवर स्थानक पसार!

अल्ट-अझिमथ, म्हणजे वर-खाली आणि आडवा फिरणारा माउंट, दोन ताऱ्यांवर रोखून झटपट जुळवता येतो. त्याची गोची थेट माथ्यावर: तिथे दिगंशाची (आडवी फिरवणारी) मोटर गरगर फिरूनही मागे पडते. म्हणून मी क्षितिजापासून 60-70 अंशांपर्यंतच चढणाऱ्या स्थानकाच्या फेऱ्या निवडतो. कक्षेची माहिती मात्र ताजी हवी, नाहीतर दोन्ही माउंट रिकाम्या आकाशाकडे बघत बसतात.